विक्रम आणि व्हाउचर

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन सिनेमा बघू नये, असं आमच्या सौ.चं स्पष्ट मत आहे. सिनेमातल्या म्हाताऱ्या बापासाठी ती डोळे पुसत असते, तेव्हा मी शेजारी बसून 'त्या बक्षीसपत्रावर साक्षीदारांच्या सह्याच नव्हत्या' असं पुटपुटत असतो. वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलं की माणसाचं असं होतं. कॉमर्सला असताना ऑडिटिंगच्या सरांनी 'व्हाउचरशिवाय नोंद नाही' हे एकच वाक्य वर्षभर शिकवलं. परीक्षेत नेमकं तेवढंच आलं नाही, पण पुढे आयुष्यभर तेवढंच उपयोगी पडलं.

त्यामुळे एका रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा सिनेमा तुझ्यासाठीच काढलाय, बघ," तेव्हा मी जरा सावधच झालो. सिनेमाचं नाव 'द किंग ऑफ काँग : अ फिस्टफुल ऑफ क्वार्टर्स'. म्हणजे 'काँगचा राजा, अर्थात मूठभर पावल्या'. २००७ सालचा, सेथ गॉर्डन या दिग्दर्शकाचा माहितीपट. नट नाहीत, नट्या नाहीत, गाणी नाहीत. चाळिशीच्या आसपासची दोन माणसं एका जुन्या व्हिडिओ गेमवर जास्त गुण कुणाचे यावरून भांडतात, एवढीच गोष्ट. "यात माझ्यासाठी काय आहे?" मी विचारलं. "यात सगळे जण पुरावा मागतात," चिरंजीव म्हणाले. मी खुर्ची पुढे ओढली.

खेळाचं नाव 'डाँकी काँग'. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेला. एक आडदांड वानर एका बाईला पळवून लोखंडी तुळयांच्या सांगाड्यावर जाऊन बसतो आणि वरून पिंपं गडगडवत सोडतो. खाली एक बुटका सुतार ती पिंपं चुकवत, उड्या मारत, शिड्या चढत वर जातो. हाच सुतार पुढे धंदा बदलून प्लंबर झाला, मारिओ या नावाने जगप्रसिद्ध झाला आणि आमच्या पिढीची अभ्यासाची वर्षं खाऊन गेला. पण ते पुढे येईलच.

या खेळाला शेवट नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी ठेवला नव्हता, तो हिशेबाच्या चुकीने आला. प्रत्येक पातळीला किती वेळ द्यायचा याचं यंत्राचं एक सूत्र आहे. पातळीच्या आकड्याला दहाने गुणायचं, त्यात चाळीस मिळवायचे आणि उत्तर ऐंशीच्या वर गेलं तर ऐंशीच धरायचं. बाविसाव्या पातळीवर उत्तर येतं २६०. आता यंत्राच्या त्या रकान्यात २५५ च्या वरचा आकडा मावतच नाही. मग २५६ गळून पडतात, उरतात ४. चार काही ऐंशीच्या वर नाहीत, म्हणून यंत्र ते बिनदिक्कत पास करतं आणि बिचारा सुतार काही सेकंदांत जागच्या जागी मरतो. जगभर याला 'किल स्क्रीन' म्हणतात. मी त्याला रकाना अपुरा पडणे म्हणतो. आमच्याकडे असं झालं असतं तर संध्याकाळचा मेळ बसेपर्यंत कुणालाही घरी सोडलं नसतं. जपानच्या सुताराला मात्र कोणी वाली नव्हता.

आता माणसांकडे वळू. एका बाजूला बिली मिचेल. फ्लोरिडातला, तिखट सॉस विकणारा, मानेवर रुळणारे केस, गळ्यात टाय आणि बोलण्यात स्वतःचा उल्लेख एखाद्या संस्थेसारखा. त्याने १९८२ साली 'डाँकी काँग'वर ८,७४,३०० गुण केले. पुढे १९९९ साली 'पॅक-मॅन' या खेळात एकही चूक न करता मिळू शकतात तेवढे सगळे, म्हणजे ३३,३३,३६० गुण मिळवल्याचं त्याच्या नावावर लागलं. दुसऱ्या बाजूला स्टीव्ह वीबी. वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडचा. नोकरी गेलेली, पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागलेला. आयुष्यात जिथे जिथे पहिला यायचा तिथे तिथे दुसरा आलेला सज्जन माणूस. त्याने गॅरेजमध्ये जुनं यंत्र आणून ठेवलं आणि रात्री पोरं झोपल्यावर सराव सुरू केला.

सिनेमातला सगळ्यात उत्तम प्रसंग या गॅरेजमधला आहे. वीबी विक्रमाच्या उंबरठ्यावर आहे, व्हिडिओ टेपवर चित्रण चालू आहे आणि नेमका त्याच क्षणी घरातून त्याचा लहान मुलगा ओरडतो आहे की माझं झालं, मला धुवायला या. इकडे वानराची पिंपं, तिकडे पोराची हाक. जगात किती विक्रम अशा हाकांपायी राहून गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. वीबी खेळत राहिला आणि १०,०६,६०० गुणांवर गेला. आमची सौ. इथपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "आणि पोराचं काय?" एवढंच विचारून ती आत गेली. सिनेमाची इतकी नेमकी समीक्षा मी पेपरात वाचलेली नाही.

या विक्रमांची वही ठेवणारी संस्था म्हणजे 'ट्विन गॅलॅक्सीज'. आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावात वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने १९८१ साली त्या नावाचं व्हिडिओ गेमचं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी सगळ्या देशाचे गुण टिपून ठेवायला सुरुवात केली. का? कुणी ठेवत नव्हतं म्हणून. पंचाचा काळा-पांढरा पट्ट्यांचा सदरा घालून हिंडणारा हा माणूस आपल्या महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा साधक. मला तो फार आवडला. आपल्याकडे प्रत्येक क्रिकेट क्लबात एक गृहस्थ असतो. स्वतः कधी दहाच्या वर धावा केलेल्या नसतात, पण १९६८ सालापासूनची धावपुस्तकं त्याच्या ट्रंकेत असतात. जग अशाच माणसांवर चालतं. फक्त अशा माणसाची एक अडचण असते. वहीवर त्याचं प्रेम असतंच, पण वहीतल्या मोठ्या नावांवर जरा जास्तच असतं.

वीबीची टेप या वहीवाल्यांकडे गेली. त्यांनी दोन माणसं गॅरेजमध्ये पाठवून यंत्राचं पोट उघडून बघितलं. आतला सर्किट बोर्ड ज्याच्याकडून आला होता तो मिचेलचा जुना वैरी निघाला, म्हणून संशय आणि म्हणून टेप नामंजूर. मर्द असशील तर चारचौघांत खेळून दाखव. बिचारा वीबी अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, न्यू हॅम्पशरमधल्या 'फनस्पॉट' या खेळघरात गेला आणि सगळ्यांदेखत ९,८५,६०० गुण करून दाखवले. टाळ्या झाल्या. आणि तेवढ्यात मिचेलकडून एक टेप आली. स्वतः मिचेल आला नाही, टेप आली. तिच्यात १०,४७,२०० गुण. ती लोकांनी भक्तिभावाने पाहिली आणि वहीत नोंदसुद्धा झाली.

इथे मी खुर्चीतून उठलो. अहो, एकाच काउंटरवर दोन नियम? गरीब खातेदाराला सही जुळत नाही म्हणून परत पाठवायचं आणि शेठजींचा चेक त्यांच्या ड्रायव्हरच्या हातून आला तरी वटवायचा? असं होतच नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. पण निदान होतं तेव्हा आम्ही मान खाली घालतो.

सिनेमा म्हणून हे सगळं फार रंगलं आहे. संवाद कुणी न लिहिता इतके चांगले कसे होतात, याचं नवल वाटत राहतं. शेवटी वीबी १०,४९,१०० गुण करतो, आपले डोळे भरून येतात आणि आपण मिचेलच्या नावाने बोटं मोडत झोपायला जातो.

मी झोपलो नाही. मी टॅली करत बसलो. आणि मला एक नोंद सापडली नाही.

सिनेमा बघून आपली समजूत होते की १९८२ पासून विक्रम मिचेलचाच होता आणि तो वीबीनेच मोडला. वस्तुस्थिती अशी की २००० साली टिम झर्बी नावाच्या खेळाडूने ८,७९,२०० गुण करून मिचेलला आधीच मागे टाकलं होतं. हे गृहस्थ सिनेमात नाहीतच. राजा आणि रंक यांच्या गोष्टीत तिसरा माणूस अडचणीचा होतो, म्हणून त्याला वजा केलं. माझा या सिनेमावर आक्षेप आहे तो हा. टेप खरी की खोटी, मधला तुकडा कापला की काय, असा दीड तास आरडाओरडा करणाऱ्या सिनेमाने स्वतः मात्र कात्री चालवली. गोष्ट गोळीबंद झाली, पण झर्बी सस्पेन्स खात्यात गेला. लबाडीवरच्या सिनेमात एवढी सोय करून घेणं मला काही पटलं नाही. खलनायक जितका काळा दाखवावा तितका प्रेक्षक सुखावतो. वही कुणाच्या ताब्यात होती आणि टेपची तपासणी कोण करत होतं, हे खरे प्रश्न. पण त्यांना ना लांब केस, ना टाय. ते पडद्यावर दिसत नाहीत.

ते प्रश्न सिनेमानंतर अकरा वर्षांनी सुटायला लागले. आणि ते सोडवले कारकुनांनी. हे वाक्य मला मोठ्या टायपात छापून हवं होतं, पण संपादक ऐकणार नाहीत.

पहिलं प्रकरण टॉड रॉजर्सचं. 'ड्रॅगस्टर' हा अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीचा १९८० सालचा खेळ. गिअर बदलत मोटार पळवायची, पाच-सहा सेकंदांत खेळ खलास. त्या काळी लोक टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीकडे धाडायचे आणि कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. रॉजर्सच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांची नोंद होती. कंपनीने ती मानली, म्हणून ट्विन गॅलॅक्सीजने मानली. त्यांनी मानली म्हणून गिनीजनेही मानली, आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेला व्हिडिओ गेमचा विक्रम म्हणून त्याचा गौरवही केला. शिक्क्यावर शिक्का, त्यावर शिक्का. मूळ कागद बघितला कुणी? शिक्के इतके होते की कागद दिसतच नव्हता.

मग २०१७ साली एरिक कोझिएल या माणसाने काय करावं? खेळून विक्रम मोडायच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याने खेळाचा सगळा प्रोग्रॅम उलगडला आणि स्प्रेडशीटवर मांडला. कोणत्या क्षणी गिअर, कोणत्या क्षणी क्लच, सगळं रकान्यांत. सर्वोत्तम उत्तर आलं ५.५७. यंत्राने मोडून मोडून पळवली तरी गाडी त्याच्या आत पोचत नाही. मोटार दुसऱ्या गिअरमध्ये सुरू केली होती, असं रॉजर्सचं म्हणणं. स्प्रेडशीट म्हणाली, त्या रकान्यात तशी सोय नाही. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीजने त्याचे सगळे विक्रम वहीतून काढले, पाठोपाठ गिनीजनेही. आपण फसवलं नाही, असं रॉजर्स सांगत राहिला. पण पस्तीस वर्षांची कीर्ती सहा शतांश सेकंदांच्या फरकात बुडाली. आमच्या शाखेतले एक जुने हेडकॅशियर, आता निवृत्त, नेहमी सांगायचे की मोठा फरक सापडतो, घर बुडवतो तो पैशांचा फरक. त्यांना हे कळवायला हवं.

दुसरं प्रकरण साक्षात मिचेलचं. जुन्या यंत्रावरचे खेळ आता घरच्या संगणकावरही हुबेहूब खेळता येतात. मात्र त्याचा विक्रम वेगळ्या सदरात धरतात, कारण संगणकावर खेळ मध्येच थांबवता येतो, मागे नेता येतो, बऱ्या-बऱ्या तुकड्यांची माळ ओवता येते. पण हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब नव्हे. एक पडदा संपून नवा उभा राहतो तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत तुळया कोणत्या क्रमाने उमटतात, ते मूळ यंत्रात वेगळं आणि संगणकात वेगळं. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'डाँकी काँग'च्या एका जाणकार खेळाडूने मिचेलच्या टेपा एकेक चित्र थांबवून पाहिल्या आणि आक्षेप नोंदवला. मग आणखी कितीतरी माणसं खरी यंत्रं मिळवून तपासणीला बसली. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, सुट्टीच्या दिवशी. एप्रिलमध्ये निर्णय झाला की १०,४७,२०० आणि १०,५०,२०० या दोन खेळांच्या टेपा मूळ, हात न लावलेल्या यंत्रावरच्या नाहीत. मिचेलचे सगळे विक्रम काढून टाकण्यात आले. दहा लाखांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो वीबीने, अशी दुरुस्तीही त्याच वर्षी वहीत झाली.

इथे पडदा पडायला हवा होता, पण हा सिनेमा नव्हे. मिचेलने आरोप कधीच मान्य केले नाहीत. २०२० साली गिनीजने त्याचे विक्रम परत दिले. म्हणजे एका वहीत पहिला वीबी, दुसऱ्या वहीत पहिला मिचेल. दोन वह्यांचा मेळच बसेना. मिचेलने ट्विन गॅलॅक्सीजवर दावा लावला. जुन्या यंत्राचे भाग झिजूनही पडद्यावर तसं दिसू शकतं, असं त्याच्या बाजूच्या तज्ज्ञाने सांगितलं. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये तडजोड होऊन त्याचे आकडे चालू यादीत नव्हे, तर जुन्या इतिहासाच्या दप्तरात ठेवण्यात आले. आमच्या भाषेत याला 'वादग्रस्त बाकी, जुनी' म्हणतात. ती कुणी भरत नाही आणि कुणी खोडतही नाही.

"एवढं सगळं एका गेमसाठी?" सौ.ने विचारलं. "त्यात पैसे तरी किती मिळतात?"

जवळजवळ काहीच नाही. खरी मेख तिथेच आहे. बँकेतली अफरातफर मला कळते. मुलीचं लग्न असतं, घोड्यांचा नाद असतो. पण ज्यातून एक पावलीही सुटत नाही त्या आकड्यासाठी माणूस का खोटं बोलेल, हे मला कळू नये असं वाटत होतं. दुर्दैवाने कळतं.

१९९२ साली मी सहावीत होतो. मे महिन्यात पुण्याच्या मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि मारिओची कॅसेट होती. मारिओची आठ जगं. मधे थांबायची सोय नाही, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी सातव्यापर्यंत पोचलो. जूनमध्ये वर्गात सांगितलं की आठही संपवली. साक्षीदार पुण्यात होता, तेव्हा तपासणार कोण? मला मागच्या बाकावरून खिडकीची जागा मिळाली. गोट्यांच्या डावात मला आधी विचारू लागले. एका वाक्यावर एवढं व्याज पुढे मला कुठल्याच ठेवीवर मिळालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातला एक मुलगा सांगत आला की त्याने मारिओ संपवला. हा खरोखर संपवलेला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मुलं म्हणाली, "हॅ! ह्याने तर मे मध्येच संपवलाय," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तो माझ्याकडे बघून जरासा हसला आणि जागेवर जाऊन बसला. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

सिनेमात मिचेलची टेप लागते तेव्हा वीबी गर्दीत मागे उभा असतो. त्याचा चेहरा बघून मला तो मुलगा आठवला. खोट्या नोंदीने वहीचं काहीच बिघडत नाही. खाली खरी नोंद करायला आलेल्या माणसाला जागा उरत नाही, एवढंच होतं. वीबीला जागा मिळाली ती बारा-तेरा वर्षांनी, दुरुस्तीच्या शाईत. तोवर टाळ्या वाजवणारे लोक आपापल्या घरी गेलेले होते.

सिनेमा बघितला त्याच आठवड्यात मी त्या मुलाला फोन केला. आता तो नाशिकला असतो, गुडघे दुखतात म्हणाला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी घसा साफ करून सांगितलं, "अरे, सहावीत मी तो मारिओ संपवला नव्हता."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं काय?"

"आठव्या जगातला शेवटचा किल्ला चकव्याचा आहे. चुकीच्या वाटेने गेलं की फिरून तिथेच येतो. ज्याने संपवलाय तो आधी त्याबद्दल शिव्या घालतो. तू नुसतं 'राणी सुटते' म्हणालास. ते तर सगळ्यांनाच माहीत होतं."

म्हणजे शंभरातला एक पक्का तपासनीस वर्गात बसला होता आणि त्याने शेरा मारला नव्हता. "मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुला खिडकीची जागा मिळाली होती ना," तो म्हणाला.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मी म्हटलं, "बरं, तो किल्ला कसा असतो रे?"

त्याने पंचवीस मिनिटं सांगितलं. कुठल्या नळातून उतरायचं, कुठे पाण्यातून पोहायचं, शेवटी तो राक्षस हातोडे फेकतो तेव्हा कधी पळायचं. मी मध्ये एकदाही बोललो नाही. समोर दिवसाचा कच्चा हिशेब लिहायचा कागद होता. त्याच्यावर मी त्याचं नाव लिहिलं, १९९२ लिहिलं आणि खाली सही केली.